ऑनलाइन इलेक्ट्रॉनिक्स विक्री : भाव लावण्याआधी तळभाव काढा

बेळगाव : चार्जर, इअरफोन, पॉवर बँक, ब्लूटूथ स्पीकर, स्मार्ट वॉच असा माल विकणारे सीमाभागातले बरेच दुकानदार आता दुकानाच्या जोडीला ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या ऑनलाइन बाजारातही उतरले आहेत. ऑर्डर येतात, माल जातो, पण महिनाअखेर खात्यावर जमा झालेला आकडा बघितला की हिशेब जुळत नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं. भाव दुसऱ्या विक्रेत्याकडे बघून लावलेला असतो, स्वतःच्या खर्चाकडे बघून नाही.

म्हणून पहिलं काम तळभाव काढण्याचं. ज्या भावाच्या खाली विकलं की पैसे आपल्याच खिशातून जातात, तो तळभाव. तो कागदावर असेल तरच सूट, जाहिरात, सेल यांचे निर्णय नीट घेता येतात.

विक्री किंमत ही आपली रक्कम नव्हे

ग्राहक देतो त्या रकमेतून आधी जीएसटी जातो. मोबाइल आणि ॲक्सेसरीजवर १८ टक्के दर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि एसीदेखील २८ वरून १८ टक्क्यांवर आले. करासह किमतीला १.१८ ने भागलं की कराविना रक्कम मिळते. थेट १८ टक्के वजा करणं चूक आहे.

त्यानंतर प्लॅटफॉर्मचं कमिशन, प्रत्येक ऑर्डरमागचं ठरावीक शुल्क आणि कुरिअरचा खर्च वजा होतो. कमिशन साधारणपणे करासह किमतीवर लागतं. या सगळ्या शुल्कांवर पुन्हा १८ टक्के जीएसटी असतो. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, कंपोझिशनवाल्याला मिळत नाही.

कुरिअरमध्ये आणखी एक मेख आहे. खरं वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन, यांपैकी जे जास्त त्यावर आकारणी होते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं, ही नेहमीची पद्धत. ३० × २० × १५ च्या खोक्यात ७०० ग्रॅमचा स्पीकर भरला तर तो १.८ किलो धरला जातो. खोका लहान केला की भाव न वाढवता पैसे वाचतात.

हिशेब मांडून बघू

खालचे आकडे हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या वर्गवारीचे दर तुमच्या सेलर खात्यात बघून घाला.

एक इअरफोन, विक्री किंमत ९९९ रुपये :

- जीएसटी वगळून रक्कम : ८४६.६१
- खरेदी, जीएसटी वगळून : ५२०
- कमिशन १० टक्के : ९९.९०
- कुरिअर ७५, ठरावीक शुल्क २० : एकूण ९५
- पॅकिंग : १२
- परत आलेल्या मालाचा वाटा : १५.६५
- जाहिरात ५ टक्के : ४९.९५
- हातात उरले : ५४.११

परताव्याचा वाटा असा काढला आहे : १०० ऑर्डरपैकी ८ परत आल्या आणि प्रत्येकीमागे जाण्या-येण्याचं कुरिअर, पॅकिंग, फोडलेला बॉक्स मिळून १८० रुपयांचं नुकसान धरलं, तर १४४० रुपये होतात. ते टिकलेल्या ९२ विक्रींवर वाटायचे. हा खर्च बरेच जण ‘नशीब’ म्हणून सोडून देतात. पण कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डर जास्त असतील तर तो हमखास वाढतो.

आता समोरच्याने ८९९ लावले म्हणून आपणही ८९९ लावले. जीएसटी वगळून ७६१.८६ येतात. कमिशन ८९.९० आणि जाहिरात ४४.९५ एवढी कमी होते, बाकी खर्च तेवढाच राहतो. शेवटी उरतात उणे १५.६४. म्हणजे प्रत्येक नगामागे साडेपंधरा रुपये तोटा. शंभर रुपये उतरवल्याने हातातली रक्कम फक्त सत्तरेक रुपयांनीच कमी झाली, पण मुळात नफाच ५४ रुपये होता.

या मालाचा तळभाव काढायला न बदलणारे खर्च एकत्र करा : ५२० + ७५ + २० + १२ + १५.६५ = ६४२.६५. प्रत्येक रुपयामागे कर, कमिशन, जाहिरात जाऊन ०.६९७५ उरतात. ६४२.६५ भागिले ०.६९७५, म्हणजे सुमारे ९२२ रुपये. जाहिरात बंद ठेवली तर हाच तळभाव ८६० च्या आसपास येतो. म्हणजे ८९९ चा भाव जाहिरातीशिवाय परवडतो, जाहिरातीसह नाही.

सीमेवरच्या विक्रेत्यासाठी तीन गोष्टी

पहिली गोष्ट नोंदणीची. पूर्वी ऑनलाइन माल विकायला जीएसटी नोंदणी सक्तीचीच होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालच्या उलाढालीच्या विक्रेत्याला नोंदणी न करता, फक्त एनरोलमेंट नंबर घेऊन विकता येतं, पण आपल्याच राज्यात. कंपोझिशनवाल्यालाही राज्याबाहेर विकता येत नाही. निपाणीच्या दुकानदाराचं नैसर्गिक गिऱ्हाईक कोल्हापूरला, पण कोगनोळी नाका ओलांडला की राज्य बदललं. तिकडे माल पाठवायचा तर नियमित नोंदणीच हवी. मालासाठीची मर्यादा कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेशात ४० लाख आहे, तेलंगणात २० लाख. हैदराबादच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी गोष्ट कराची. बेळगावहून बंगळूरला विकलं तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, कोल्हापूरला विकलं तर आयजीएसटी. एकूण दर तोच, त्यामुळे राज्य बदललं म्हणून भाव वाढवायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट कुरिअरच्या झोनची. प्लॅटफॉर्म किलोमीटरपेक्षा आपल्या झोनवर पैसे लावतात. झोन राज्यांच्या गटावर ठरत असेल तर शेजारचा जिल्हा लांबचा ठरू शकतो. गेल्या तीन महिन्यांच्या ऑर्डर कुठे गेल्या ते बघून कुरिअरची सरासरी काढा आणि तीच हिशेबात धरा.

कापलेला प्रत्येक पैसा खर्च नसतो

प्लॅटफॉर्म जीएसटीखाली टीसीएस कापतो. तो १० जुलै २०२४ पासून १ ऐवजी अर्धा टक्का आहे. आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला. हे दोन्ही आपल्या नावावर जमा होतात, म्हणून तळभावात धरू नयेत. पण विवरणपत्रात त्यांचा दावा केला नाही तर ते खरोखरच गेले म्हणून समजा.

स्पर्धेत भाव कसा ठेवायचा

एकाच मॉडेलच्या पानावर अनेक विक्रेते असतात आणि त्यातला एकच समोर दिसतो. तिथे भावाबरोबर माल किती लवकर निघतो, रेटिंग काय, स्टॉक आहे का हेही बघितलं जातं. त्यामुळे दर वेळी दोन रुपये उतरवणं हा एकच उपाय नाही. आपोआप भाव बदलणारी सोय वापरत असाल तर किमान भावाच्या चौकटीत तळभाव भरल्याशिवाय ती चालू करू नका. दोन विक्रेत्यांची अशी यंत्रं एकमेकांशी भिडली की रात्रीत भाव कुठल्या कुठे जातो.

कमी किमतीच्या मालात कुरिअर आणि ठरावीक शुल्क नफा खातात. १४९ रुपयांची केबल एकटी विकण्यापेक्षा चार्जरसोबत जोडी करून विकली तर दोन नगांचं कुरिअर एकदाच लागतं. काही प्लॅटफॉर्मवर हजार रुपयांसारख्या टप्प्यावर शुल्क बदलतं, म्हणून ९९९ आणि १०४९ अशा दोन्ही भावांचा हिशेब करून बघा.

मात्र इलेक्ट्रॉनिक्सचा माल ठेवून भाव चढत नाही, उतरतो. नवं मॉडेल आलं की जुन्याला मागणी राहत नाही. अशा वेळी तळभावाखाली विकून भांडवल मोकळं करणं शहाणपणाचं ठरू शकतं, पण ते किती नगांपुरतं आणि किती तोट्यापर्यंत हे आधी ठरवून.

सेलमध्ये भाग घेताना सूट कोण सोसणार, हे वाचल्याशिवाय होकार देऊ नये. बँक ऑफर, कूपन, बिनव्याजी हप्ते यांचा वाटा कधी कंपनी उचलते, कधी विक्रेता. परकी गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेसने विक्रीच्या किमतीवर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये, हा नियम २०१६ पासून आहे. भाव ठरवण्याचा अधिकार विक्रेत्याचा आहे, आणि जबाबदारीही त्याचीच.

कायद्याच्या मर्यादा

वरच्या बाजूला एमआरपीची मर्यादा आहे. ती करासह असते आणि १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन पानावर दाखवणं बंधनकारक आहे. डिलिव्हरीच्या नावाखाली मालाचा भाव एमआरपीच्या वर नेता येत नाही. मोठी सूट दिसावी म्हणून फुगवलेली एमआरपी लावणं हा ग्राहकाची दिशाभूल केल्याचा प्रकार ठरू शकतो.

खालच्या बाजूला स्वस्त मालाचा मोह असतो. मोबाइल, पॉवर बँक, अडॅप्टर यांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक नसलेली पॉवर बँक शंभर रुपयांनी स्वस्त मिळाली तरी ती विकणं बेकायदा आहे, आणि परतावे आणि रेटिंगमध्ये त्याची किंमत मोजावी लागते ती वेगळीच.

दर आठवड्याला एवढं बघा

प्लॅटफॉर्मचा पेमेंट रिपोर्ट उतरवून घ्या आणि प्रत्येक मॉडेलसमोर चार आकडे लिहा : विकलेले नग, परत आलेले नग, जाहिरातीचा खर्च, हातात आलेली रक्कम. शुल्काचे दर बदलल्याची सूचना आली की तळभाव नव्याने काढा. जे मॉडेल सलग तीन-चार आठवडे तळभावाच्या वर विकलं जात नाही, त्याची पुढची खरेदी थांबवा. ते दुकानात काउंटरवर विकता येत असेल तर तिथेच विका, कारण तिथे कमिशन आणि कुरिअर दोन्ही लागत नाही.