इंटरनॅशनल हॉटेलचे भाडेकरू: निकाल नेमका कधी मोजायचा?

संशोधनाचा आराखडा लिहिताना 'अभ्यासाचा कालखंड' ही ओळ आपण बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी आणि घाईत भरतो. माहिती जिथपर्यंत सहज मिळते तिथपर्यंतची दोन वर्षं टाकायची आणि पुढे जायचं. पण कालखंड बदलला की निष्कर्षही बदलू शकतो, आणि कधी कधी अगदी उलटा होतो. हे समजून घ्यायला सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका भाडेकरू संघटनेचा इतिहास फार उपयोगी पडतो. मी एम.एस्सी. करून संशोधनाकडे आले, त्यामुळे इतिहास वाचतानाही 'इथे तुलनेला काय आहे?' हा प्रश्न डोक्यात येतोच. सुदैवाने या गोष्टीत तुलनेसाठी दुसरी संघटनासुद्धा सापडते.

आधी 'हॉटेल' हा शब्द

आपल्याकडे हॉटेल म्हटलं की चहा-मिसळ डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत मात्र 'निवासी हॉटेल' नावाचा प्रकार होता. एक लहानशी खोली, सामाईक न्हाणीघर, भाडं आठवड्याचं किंवा महिन्याचं. पाहुणे येऊन जाण्याऐवजी माणसं तिथे वर्षानुवर्षं राहायची. गिरणगावातल्या गावकरी मंडळांच्या खोल्या आठवा, म्हणजे अंदाज येईल: एकटे पुरुष, कमी पैसे, पण सोबत आपल्या मुलखाची.

कर्नी स्ट्रीटवरचं इंटरनॅशनल हॉटेल ही अशीच तीन मजली विटांची इमारत. १९०६ च्या भूकंपानंतर १९०७ मध्ये ती नव्याने बांधली गेली. आसपासच्या वस्तीला 'मनिलाटाउन' म्हणत, कारण तिथे फिलिपिनो कामगार राहायचे. शेतातली तोडणी-वेचणी, अलास्कातले मासळी डबाबंद करण्याचे कारखाने, जहाजांवरची आणि हॉटेलांच्या मुदपाकखान्यांतली कामं, यांत त्यांचं आयुष्य गेलं. लोक त्यांना 'मनोंग' म्हणत. इलोकानो भाषेत मनोंग म्हणजे थोरला भाऊ, आपण 'दादा' म्हणतो तसं.

हे मनोंग म्हातारपणी एकटे का होते? यामागे कायदे आहेत. कॅलिफोर्नियात १९३३ पासून फिलिपिनो आणि गोऱ्या व्यक्तींच्या लग्नाला स्पष्ट बंदी होती. ती १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. शिवाय १९३४ च्या कायद्याने फिलिपिन्समधून येणाऱ्यांची मर्यादा वर्षाला फक्त ५० केली. मुळात इथे आलेल्यांत बायका फार कमी, त्यात बाहेर लग्न करता येईना आणि गावाकडून कुणी येईना. म्हणून १९६० च्या दशकात त्या इमारतीत साठी-सत्तरीतले एकटे पुरुष मोठ्या संख्येने होते. महिना सुमारे ५० डॉलर भाड्यात त्यांना खोली मिळत होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाली न्हाव्याचं दुकान, पूल खेळायची जागा, ओळखीचं खाणं आणि आजारी पडल्यावर दार वाजवणारा शेजारी मिळत होता. आज धोरणाच्या भाषेत आपण ज्याला घरासोबत आधार देणारा निवास म्हणतो, त्यातला 'आधार' इथे कुठल्याही योजनेशिवाय शेजारीच एकमेकांना देत होते. पुढचं सगळं समजायला हा मुद्दा लक्षात ठेवा.

नोटीस, आग आणि संघटना

शहराचा आर्थिक भाग वाढत वाढत मनिलाटाउनपर्यंत आला. १९६८ च्या अखेरीस मालक कंपनीने जागा रिकामी करायच्या नोटिसा दिल्या. इमारत पाडून तिथे गाड्यांचं पार्किंग करायचं होतं. भाडेकरूंनी विरोध केला. याच काळात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात वंशीय अभ्यासाच्या विभागांसाठी विद्यार्थ्यांचा मोठा संप चालू होता. त्यातले आणि बर्कलीतले आशियाई विद्यार्थी या म्हाताऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. करार होण्याच्या बेतात असताना मार्च १९६९ मध्ये इमारतीला आग लागली आणि तीन भाडेकरू मेले. त्यानंतर त्याच वर्षी तीन वर्षांचा भाडेपट्टा झाला. विद्यार्थ्यांनी येऊन रंगकाम केलं, नळ आणि तारा दुरुस्त केल्या.

भाडेपट्टा संपला आणि १९७३ मध्ये इमारत दुसऱ्या गुंतवणूक कंपनीला विकली गेली. आता लढा 'इंटरनॅशनल हॉटेल टेनंट्स असोसिएशन' या भाडेकरूंच्या संघटनेकडे होता. रोजच्या तक्रारी सोडवणं, सभा घेणं, कोर्टाची कामं बघणं, नगरपालिकेच्या दारात बसणं, हे सगळं या संघटनेने केलं. तिच्यात वयस्कर भाडेकरू होते, तसेच तिथे राहायला आलेले तरुण कार्यकर्तेही होते. एमिल दे गुझमान हे त्यांच्यापैकी एक. ते बर्कलीचे विद्यार्थी असताना या लढ्यात आले आणि पुढे संघटनेचे प्रमुख झाले.

आता अडचण बघा. बाहेरून पाठिंबा देणारे डावे गट अनेक होते आणि त्यांचं आपसांत पटत नव्हतं. महापौर जॉर्ज मोस्कोनी यांनी एक योजना मांडली होती: सरकारी गृहनिर्माण संस्थेने इमारत सक्तीने संपादित करावी आणि भाडेकरूंनी नंतर ती १३ लाख डॉलरना परत विकत घ्यावी. तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसांनी एवढी रक्कम कुठून आणायची? यावर गटागटांत कडाक्याचे वाद झाले. तत्त्वासाठी लढणाऱ्याला हरणं परवडतं, पण ज्याची खोली जाणार आहे त्याला परवडत नाही. शेवटी कोर्टाने तो मार्गही बंद केला.

४ ऑगस्ट १९७७

मुंबईचा शेरीफ हे मानाचं पद आहे, तिथला शेरीफ मात्र कोर्टाचे हुकूम प्रत्यक्ष बजावतो. सॅन फ्रान्सिस्कोचे शेरीफ रिचर्ड हॉन्गिस्टो यांनी आधी भाडेकरूंना बाहेर काढायला नकार दिला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल १९७७ मध्ये त्यांना पाच दिवसांची कैद झाली. पण ऑगस्टमध्ये तेच शेरीफ फौजफाटा घेऊन आले.

रात्री दोन-तीन हजार लोक हातात हात गुंफून इमारतीभोवती उभे होते. प्रतिकार करायचा तो अहिंसक, असं ठरलं होतं. शेकडो पोलिसांनी ती साखळी तोडली. शेरीफने स्वतः घण घेऊन दार फोडल्याचे फोटो प्रसिद्ध आहेत. पहाटेपर्यंत उरलेल्या सुमारे ५० भाडेकरूंना एकेक करून रस्त्यावर आणलं गेलं. १९७९ मध्ये इमारत पाडली. पुढची वीसहून अधिक वर्षं त्या जागी नुसता खड्डा होता.

त्याच शहरातली दुसरी संघटना

इथून दीड-दोन किलोमीटरवर, मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला, येर्बा ब्युएना भागात अशीच निवासी हॉटेलं होती. तिथेही निवृत्त खलाशी, गोदी कामगार, एकटे म्हातारे. तिथे प्रदर्शन केंद्र बांधण्यासाठी सरकारी पुनर्विकास संस्थेने घरं पाडायला घेतली होती. रहिवाशांनी १९६९ मध्ये संघटना काढली, तिचं संक्षिप्त नाव 'टूर'. पहिले अध्यक्ष जॉर्ज वूल्फ, जुने कामगार नेते.

'टूर'ने दावा लावला. १९७० मध्ये फेडरल न्यायालयाने पुनर्वसनाची नीट सोय होईपर्यंत रहिवाशांना हलवायला मनाई केली. १९७३ मध्ये तडजोड झाली. त्यात सुमारे ४०० स्वस्त घरं बांधायची ठरली, आणि त्यासाठी पैसा आला तो पर्यटकांच्या हॉटेलांवरच्या करातून. संघटनेने स्वतःची बांधकाम संस्था काढली आणि १९७९ मध्ये पहिली इमारत उभी राहिली. तिचं नाव वूल्फ हाउस.

म्हणजे ज्या वर्षी इंटरनॅशनल हॉटेल पडलं, त्याच वर्षी वूल्फ हाउस उभं राहिलं. शहर एक, दशक एक, भाडेकरू साधारण सारखे. मग फरक कशाने पडला?

चटकन सुचणारं उत्तर म्हणजे 'तिथले नेते जास्त हुशार होते'. पण समोर कोण होतं ते बघा. 'टूर'समोर फेडरल पैशावर चालणारी सरकारी संस्था होती, आणि १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार विस्थापितांना राहण्याजोगी पर्यायी घरं देणं तिच्यावर बंधनकारक होतं. वकिलाला पकडायला ठोस कलम मिळालं. इंटरनॅशनल हॉटेलसमोर खाजगी मालक होता. त्याला ते बंधन लागू नव्हतं, उलट त्याच्या हातात मालकी हक्क होता. आंदोलनाचा जोर कर्नी स्ट्रीटवर कमी नव्हता, तिथे कायद्याचा आधार कमी होता. अर्थात दोन उदाहरणं म्हणजे प्रयोगशाळेतला नियंत्रित प्रयोग नाही. येर्बा ब्युएनातलेही कितीतरी रहिवासी निकालाआधीच पांगले होते. तरी ही तुलना केल्याशिवाय 'संघटना का हरली' यावर लिहू नये.

मग निकाल काय लिहायचा?

आता कालखंडाकडे परत येऊ.

अभ्यास १९७७ ला थांबवला, तर निष्कर्ष सरळ आहे: संघटना हरली.

१९८१ पर्यंत नेला, तर चित्र बदलतं. तोवर शहराने भाडेनियंत्रण आणलं होतं आणि निवासी हॉटेलं पाडण्यावर व पर्यटकांसाठी वळवण्यावर निर्बंध घातले होते. इथे सावध राहा. नंतर झालं म्हणजे त्याच्यामुळेच झालं, असं नाही. भाडी सगळ्या शहरात वाढत होती, दबाव अनेक बाजूंनी होता. कर्नी स्ट्रीटवरची ती रात्र हे त्यातलं एक कारण म्हणता येईल, एकमेव नाही.

२००५ पर्यंत नेला, तर त्याच जागेवर नवं इंटरनॅशनल हॉटेल उभं दिसतं: कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी १०४ घरं आणि तळमजल्यावर मनिलाटाउनच्या आठवणी जपणारं केंद्र. कार्यकर्त्यांनी पार्किंगचा आणि कार्यालयांचा बेत कधी तडीस जाऊ दिला नाही, म्हणून हे घडलं. मग संघटना जिंकली का?

इथे मला थांबावंसं वाटतं. घरांची संख्या मोजली तर उत्तर 'हो' येतं. पण मधल्या २८ वर्षांत जुन्या भाडेकरूंपैकी बहुतेक जण गेले होते. ज्यांना १९७७ मध्ये हलवलं, त्यांना दुसरीकडे खोली मिळालीही असेल, पण खालचं न्हाव्याचं दुकान आणि दार वाजवणारा शेजारी मिळाला नाही. मोजायचं एकक 'खोली' धरलं की हे नुकसान आकड्यांत दिसतच नाही. एकक 'माणूस' धरलं तरच दिसतं. माझ्या मते प्रामाणिक निकाल असा लिहावा लागेल: संघटनेने जागा परत मिळवली, पण ज्यांच्यासाठी ती निघाली होती त्यांच्यासाठी नाही.

साधनांबद्दल थोडं

या इतिहासाची मुख्य साधनं बहुतांशी सहभागी लोकांची आहेत. इंटरनॅशनल हॉटेलवर २००७ मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या एस्टेला हबाल स्वतः त्या लढ्यात होत्या. येर्बा ब्युएनावर १९७४ मध्ये लिहिणारे चेस्टर हार्टमन रहिवाशांच्या बाजूने काम करत होते. कर्टिस चॉय यांचा १९८३ चा माहितीपट तर दारातच उभा राहून केलेला आहे. म्हणून ही साधनं टाकाऊ ठरत नाहीत. आतल्या सभांतले वाद आतल्याच माणसाला माहीत असतात. फक्त कोर्टाचे निकाल, नगरपालिकेचे ठराव आणि तेव्हाची वर्तमानपत्रं शेजारी ठेवून ती वाचायची.

तुमच्या आराखड्यासाठी तीन प्रश्न घेऊन जा. माझा कालखंड इथेच का संपतो? माझं मोजण्याचं एकक काय, आणि त्यात काय दिसेनासं होतं? तुलनेला दुसरं उदाहरण आहे का? मार्गदर्शकांनी विचारायच्या आधी याची उत्तरं कागदावर लिहून ठेवा. मौखिक मुलाखती कशा तपासायच्या, ते पुढच्या लेखात बघू.