कर्करोगजन्य आंत्ररोध

कर्करोगजन्य आंत्ररोध म्हणजे प्रगत अवस्थेतील कर्करोगामुळे लहान किंवा मोठ्या आतड्याचा मार्ग अंशतः वा पूर्णतः बंद होणे. अंडाशय व मोठे आतडे यांच्या कर्करोगांत तो विशेष आढळतो. पोटात कळा येणे, पोट फुगणे, उलट्या होणे आणि शौच व वायू सरणे बंद होणे ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत.

शस्त्रक्रिया

अडथळा एकाच ठिकाणी असून प्रकृती साथ देत असल्यास बाधित भाग काढतात, त्याला वगळून आतड्याची पुढची-मागची बाजू जोडतात किंवा पोटावर कृत्रिम मलमार्ग करतात. मोठ्या आतड्यात धातूचा स्टेंटही बसवता येतो. जलोदर, कुपोषण किंवा अनेक ठिकाणी अडथळे असल्यास शस्त्रक्रियेचा लाभ कमी आणि धोका अधिक असतो.

उपशामक उपचार

मॉर्फिनने वेदना, हॅलोपेरिडॉलने मळमळ व हायोसीन ब्युटिलब्रोमाइडने कळा कमी होतात. ऑक्ट्रिओटाइड पाचक स्राव घटवते. ही औषधे त्वचेखालून देता येत असल्याने घरीही उपचार शक्य होतात. आतडे पूर्ण बंद असताना मेटोक्लोप्रमाइड टाळतात, कारण आतड्याची हालचाल वाढून कळा तीव्र होऊ शकतात. उलट्या आटोक्यात न आल्यास पोटाच्या भिंतीतून जठरात नळी बसवून साचलेला द्रव बाहेर काढतात.

उपचारांची निवड

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका, मेक्सिको व पेरू येथील चाचणीत, पहिल्या ९१ दिवसांपैकी रुग्णालयाबाहेर जगलेले दिवस दोन्ही उपचारांत जवळपास सारखेच आढळले. मात्र शस्त्रक्रियेनंतर लक्षणे तुलनेने कमी होती. म्हणून उरलेला काळ कुठे व कसा घालवायचा, याविषयीची रुग्णाची इच्छा निर्णयात महत्त्वाची ठरते.