घर तपासून देणाऱ्या इंजिनिअरचा विमा : काय पाहावे?

निपाणी : निपाणी-बेळगाव भागात जुनं घर घ्यायचं ठरलं की ओळखीच्या इंजिनिअरला एकदा दाखवून घ्यायची पद्धत आहे. त्यानं ‘घर ठीक आहे’ म्हटलं आणि पहिल्याच पावसाळ्यात स्लॅब गळू लागला, तर भरपाई कोण देणार?

नव्या फ्लॅटसाठी रेरा कायदा, 2016 आहे. ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामातील दोष दाखवून दिल्यास बिल्डरने तो 30 दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. पंचवीस-तीस वर्षांच्या घराला हा आधार नाही. तिथं तपासणी अहवालच महत्त्वाचा.

पावती का हवी?
ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार फी घेऊन केलेलं काम ‘सेवा’ ठरतं. फुकट दिलेला सल्ला त्यात बसत नाही. म्हणून ओळख असली तरी फी द्या, पावती आणि लेखी अहवाल घ्या. तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते. ती तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते. म्हणजे निपाणीत घर घेणाऱ्या कागलच्या माणसाला कोल्हापुरातच दाद मागता येते.

विमा कोणता?
याला ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’ पॉलिसी म्हणतात. कामातील निष्काळजीपणामुळे द्यावी लागणारी भरपाई आणि वकिलाचा खर्च ती ठरलेल्या मर्यादेपर्यंत देते. मुद्दाम केलेली फसवणूक आणि दंड यात येत नाहीत.

इथं एक मेख आहे. काम केलं तेव्हाची नव्हे, तर दावा आला तेव्हा चालू असलेली पॉलिसी लागू होते. शिवाय ते काम पॉलिसीतील ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह’ तारखेनंतरचं असावं लागतं. एक वर्ष नूतनीकरण चुकलं, की जुन्या कामांचं संरक्षण जाऊ शकतं. काम बंद करणाऱ्या इंजिनिअरनेही पुढच्या दाव्यांची सोय विचारून ठेवावी.

खरेदीदाराने विचारावे
पॉलिसी चालू आहे का? रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख कोणती? एका दाव्याची आणि वर्षाची मर्यादा किती? स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम किती? काय तपासलं आणि काय तपासता आलं नाही, हे अहवालात लिहून घ्या. उद्या वाद झालाच, तर दोघांनाही त्याच कागदाचा आधार असतो.