जीवघेणा खेळ वाचला कसा?

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू छातीशी कवटाळायचा आणि समोरच्यांची भिंत फोडून पुढे घुसायचं, असा हा रांगडा खेळ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या कॉलेजांना त्याचं अक्षरशः वेड लागलं होतं. आणि या वेडापायी १९०५ च्या एका मोसमात किमान १८ मुलं दगावली. त्यांत बरीचशी तर शाळकरी होती. थोरल्यांचं पाहून खेळणारी.

माणसं मरावीत असं या खेळात होतं तरी काय? उत्तर नियमांत आहे. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू प्रतिपक्षाचा. चेंडू हाताने पुढे फेकायला मात्र मनाई. मग उरलं काय? सगळ्यांनी एकवटून एकाच जागी धडक मारायची! कबड्डीत साखळी करून चढाईवाल्याला अडवतात. इथे साखळी करून आपल्याच गड्याला पुढे रेटत. त्याला ओढता यावं म्हणून विजारीला मुठी शिवलेल्या असत. डोक्याला शिरस्त्राण सक्तीचं नव्हतं. त्याऐवजी खेळाडू केस वाढवत. १८९२ साली हार्वर्डने पाचरीच्या आकाराचा व्यूह मैदानात आणला. तो रचणारे लोरिन डीलँड स्वतः कधी फुटबॉल खेळलेच नव्हते! त्यांचा अभ्यास नेपोलियनच्या लढायांचा. तो व्यूह लवकरच नियमबाह्य ठरला, पण झुंडीने तुटून पडण्याची रीत काही गेली नाही.

तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट या खेळाचे मोठे चाहते. रशिया-जपान युद्धात त्यांनी नुकताच समेट घडवला होता. ९ ऑक्टोबर १९०५ ला त्यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. मंडळींनी नीट खेळण्याचं वचन दिलं. त्याच मोसमात येलविरुद्धच्या सामन्यात हार्वर्डकडून खेळणाऱ्या खुद्द अध्यक्षांच्या मुलाचं नाक फुटलं. वचनाचं काय झालं ते यावरून कळावं.

२५ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये युनियन कॉलेजचा हॅरॉल्ड मूर हा १९ वर्षांचा विद्यार्थी सामन्यात डोक्याला मार लागून गेला. प्रतिस्पर्धी संघ न्यूयॉर्क विद्यापीठाचा. त्या विद्यापीठाचे प्रमुख हेन्री मॅक्क्रॅकन यांनी मग इतर कॉलेजांना साद घातली. कोलंबिया विद्यापीठाने तर खेळच बंद केला. पश्चिम किनाऱ्यावर स्टॅनफर्ड आणि बर्कले रग्बीकडे वळली.

मग सगळ्यांनीच बंदी का घातली नाही? हार्वर्डचे प्रमुख चार्ल्स एलियट यांना ती हवी होती. पण मला वाटतं, खेळ एव्हाना त्यांच्या हातात उरलाच नव्हता. १९०३ साली त्यांच्याच आवारात काँक्रीटचं भलंथोरलं स्टेडियम उभं राहिलं होतं, त्याला माजी विद्यार्थ्यांचे एक लाख डॉलर लागले होते. २६ वर्षांच्या प्रशिक्षकाला वर्षाला सात हजार डॉलर मिळत. कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त! ज्यांच्या पैशावर मैदान उभं, त्यांचा शब्द कुलगुरूंपेक्षा वजनदार ठरणारच. हे काही अमेरिकेपुरतं नाही म्हणा.

तेव्हा बंदी टळली आणि नियम बदलले. १९०५ च्या डिसेंबरअखेर ६० हून अधिक कॉलेजं न्यूयॉर्कमध्ये जमली. त्यातून जी संघटना निघाली तीच पुढे ‘एनसीएए’ झाली. १९०६ पासून पाचाऐवजी दहा यार्ड ठरले, दोन्ही संघांच्या रांगांमध्ये मोकळी पट्टी आली आणि मुख्य म्हणजे चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. पण फेकलेला चेंडू कोणी न शिवता जमिनीवर पडला तर तो प्रतिपक्षाला! असा जुगार कोण खेळणार? सेंट लुइसच्या संघाने ५ सप्टेंबर १९०६ ला तो खेळून पाहिला. पहिली फेक वायाच गेली. बाकीचे बहुतेक संघ जुनीच धक्काबुक्की करत राहिले आणि १९०९ साली मृत्यूंचा आकडा पुन्हा वाढला. व्हर्जिनियाचा आर्चर ख्रिश्चन हा १८ वर्षांचा मुलगा त्यातलाच. १९१० मध्ये गड्याला ढकलणं-ओढणं, हातात हात गुंफून धडकणं हे सारं बंद झालं. माझ्या मते खरी सुधारणा ही. चार वर्षं आधी झाली असती तर?

चेंडू फेकण्याचं सामर्थ्य लोकांना पटलं ते १९१३ साली. नोत्र दाम कॉलेजचे गस डोराइस आणि नूट रॉकनी हे दोघे उन्हाळ्याच्या सुटीत ईरी सरोवराकाठच्या एका विश्रामस्थळी कामाला होते. फावल्या वेळात वाळूत चेंडू फेकायचा आणि पळता पळता झेलायचा, हाच त्यांचा नाद. १ नोव्हेंबरला लष्करी अकादमीच्या बलदंड संघापुढे त्यांनी तेच केलं. कॅडेट मधल्या गर्दीत जोर लावायला सज्ज आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून पार! सामना ३५-१३ असा सुटला. दोन वर्षांनी कोलंबियानेही बंद केलेलं मैदान पुन्हा खुलं केलं.