मान मिळाला, कप्तानी नाही : पालवणकर बंधूंची कहाणी

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत क्रिकेटवरचा लेख कशासाठी, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. म्हणून आधी कारण सांगतो.

मागच्या जयंतीला आपल्या तरुण मंडळाने टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवल्या. फलकावर आम्ही एका जुन्या खेळाडूचे चित्र लावले. डोक्याला टोपी, अंगाने शिडशिडीत, नजर करारी. एक पोरगा आम्हाला विचारू लागला, "आबा, हाऊ कोन शे?" आम्ही सांगितले, "पी. बाळू. पूर्ण नाव बाळू पालवणकर. हिंदुस्थानातला पहिला मोठा फिरकी गोलंदाज, आणि जन्माने अस्पृश्य." पोरगा थक्क झाला. पण मागे उभे असलेले एक वडीलधारे उपासक बोलले, "हा आपल्यातला नव्हता, चांभार समाजाचा होता. आणि यानेच बाबासाहेबांच्या विरोधात निवडणूक लढवली. याचा फोटो इथे कशाला?"

वडीलधाऱ्यांचे बोलणे खोटे नव्हते. त्या वेळी आम्ही गप्प बसलो. पण गिरणीत रात्रपाळीला उभे असताना तो प्रश्न डोक्यात फिरत राहिला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांचे 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' हे २००२ सालचे पुस्तक आम्ही मिळवले. इंग्रजी आमचे बेताचेच. कॉलेजात जाणाऱ्या पुतणीने एकेक पान वाचून अर्थ सांगितला, आम्ही वहीत टिपणे काढली. त्या वहीतून, आणि इकडून तिकडून जे वाचले त्यातून, हा लेख लिहीत आहोत.

तीन रुपये पगार

पालवणकरांचे मूळ गाव कोकणातले पालवण. त्यावरूनच आडनाव पडले. बाळूंचा जन्म १८७६ सालचा. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने कुटुंब पुण्याला आले. चार भाऊ होते : बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. हे चारही भाऊ पुढे नावाजलेले क्रिकेट खेळाडू झाले.

बाळूंची सुरुवात मात्र खेळाडू म्हणून झाली नाही. पुण्यात पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, हे त्यांचे काम. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमाराला ते साहेब लोकांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये मिळू लागले. तिथे जाळी लावायची, चुन्याच्या रेघा आखायच्या, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज. इतर मंडळी यायच्या आधीच तो मैदानावर येई आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावी. आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात.

असे बाळू डावखुरी संथ फिरकी टाकायला शिकले. त्यांना कोणी शिकवले नाही. तासन् तास चेंडू टाकून हात तयार झाला. पण हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. चेंडू टाकणे, तो आणून देणे हे नोकराचे काम, फलंदाजी साहेबाची, असा हिशेब होता. आम्ही गिरणीत तीस वर्षे काढली. साच्यावर एक राबतो आणि कापडावर शिक्का दुसऱ्याचा बसतो, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

मातीचे भांडे

पुण्यात हिंदूंचाही क्लब होता. त्यांना गोऱ्यांना हरवायचे होते. बाळूंना घ्यावे की नाही यावर वाद झाला. काही सभासद तयार होते, काही सोवळ्यातले लोक तयार नव्हते. शेवटी घेतले. का घेतले? जातिभेद पटत नव्हता म्हणून नव्हे. त्यांच्यावाचून सामना जिंकता येत नव्हता म्हणून.

मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की बाकीचे मंडपात बसून चिनी मातीच्या कपातून चहा पीत. बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. पिऊन झाले की ते भांडे फेकून द्यायचे. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर अस्पृश्य नोकरानेच आणून द्यायचे. आणि बघा, ज्या चेंडूला सारे हात लावत होते तो चामड्याचा! चामडे चालत होते, चामडे कमावणारा चालत नव्हता.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध सामना ठरला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून तिथल्या लोकांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला, असे सांगतात. तरी बाळूंनी सात गडी बाद केले. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्या मोठ्यांनी जाहीर समारंभात त्यांचे कौतुक केले, अशी नोंद आहे. हार घातले, टाळ्या वाजल्या. कौतुकाला कमतरता नव्हती.

आम्हाला हे वाचताना आमचीच गोष्ट आठवली. शाळेत असताना शेजारच्या गावाशी सामना खेळायला गेलो होतो. १९८३ चा विश्वचषक नुकताच जिंकला होता, गावोगाव क्रिकेटचे वेड भरले होते. आम्ही चार गडी बाद केले, आमच्याच संघातल्या मुलांनी आम्हाला खांद्यावर घेतले. नंतर पाणी प्यायला सगळे एका घराच्या ओट्याशी गेले. बाकीच्यांना तांब्या दिला, आम्हाला ओंजळ करायला सांगून वरून पाणी ओतले. गावाचे नाव लिहीत नाही. पण खांदा आणि ओंजळ या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी घडल्या, हे विसरता येत नाही.

मुंबई आणि इंग्लंड

१८९६ साली मुंबई-पुण्याकडे प्लेगची साथ आली. त्याच सुमाराला बाळू मुंबईला गेले. काही काळ पलटणीत आणि पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली. ही कंपनी आपल्याला परकी नाही. सुरतेहून तापीखोऱ्यातून आपल्या नंदुरबारवरून जाणारी लाइन त्या काळी हीच कंपनी चालवत होती. १९५१ नंतर तिची पश्चिम रेल्वे झाली. आपल्या स्टेशनावर रोज गाड्या बघतो, पण त्या रेल्वेच्या क्रिकेट संघात आपल्यासारखाच एक बहिष्कृत माणूस गोऱ्यांच्या दांड्या उडवत होता, हे आपल्याला कोणी सांगितले नाही.

मुंबईत हिंदू जिमखान्यातही आधी खळखळ झाली, मग बाळू आणि शिवराम यांना घेतले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू विरुद्ध युरोपियन असा मोठा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंच्या गोलंदाजीचा त्यात मोठा वाटा होता. मुंबईच्या जिमखान्यात मात्र या भावांना बाकीच्यांबरोबर बसून खायला-प्यायला मुभा मिळाली होती. सुधारक मंडळींनी याचा गौरव केला, पण हे पाऊल अजून खेळाच्या मैदानाबाहेर पडायचे होते.

१९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ पासून मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी झाले. धर्मावर संघ पाडण्याची ती पद्धत. हजारो लोक हे सामने बघायला येत.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघाने २३ पैकी १५ सामने गमावले. पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. सॉमरसेट परगण्याविरुद्ध शिवरामांनी नाबाद शतक काढून सामना एका गड्याने जिंकून दिला. परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र भीमराव आंबेडकर या कॉलेजच्या विद्यार्थ्याने लिहिले होते, असे गुहा यांनी नोंदवले आहे. बाबासाहेब त्या वेळी वीस वर्षांचे होते. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या त्या तरुणाला आपल्या समाजातून वर आलेला माणूस म्हणून बाळूंचा अभिमान वाटत होता.

कप्तानीचा प्रश्न

आता मुद्द्याची गोष्ट. इतके बळी, इतकी वर्षे, इतका अनुभव. मग हिंदू संघाचा कप्तान कोण? बाळू कधीच नाहीत. १९१३ साली कप्तान झालेले एम. डी. पै यांनी सत्काराच्या सभेत मोकळेपणाने सांगितले की हा मान आपल्यापेक्षा ज्येष्ठ असलेल्या बाळूंचा होता. त्यांच्या मनाचा मोठेपणा मान्य. पण निवड करणाऱ्यांनी तो मान बाळूंना दिला नाही तो नाहीच.

१९२० सालची गोष्ट. बाळूंना संघातून वगळले. पै आजारी पडल्याने मुस्लिम संघाविरुद्ध दुसरा कप्तान नेमायचा होता. ज्येष्ठता विठ्ठल पालवणकरांची होती, तरी प्रा. दि. ब. देवधरांची नेमणूक झाली. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम दोघेही संघातून बाहेर पडले. गुपचूप घरी बसले नाहीत. वर्तमानपत्रात निवेदन दिले की हा आमच्या जातीमुळे झालेला अपमान आहे. त्याच वर्षी गणपत हा भाऊ ऐन तारुण्यात वारला होता. घरावर असे दुःख असताना या भावांनी ही हिंमत केली.

त्या निवेदनाने खळबळ उडाली. पुढच्या, पारशांविरुद्धच्या सामन्याला भाऊ परत आले आणि बाळूंना उपकप्तान केले. मग १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. त्याच वर्षी संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. ज्यांच्या घरात त्यांना पाऊल टाकायची मुभा नव्हती अशांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. १९२५ आणि १९२६ सालीही त्यांच्याच कप्तानीखाली संघ जिंकला. त्यांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' या नावाने आत्मचरित्रही लिहिले.

पंचवीस वर्षे गुणाने खेळून जे बाळूंना मिळाले नाही, ते धाकट्या भावाला तीन वर्षांत मिळाले. मध्ये घडली ती एकच नवी गोष्ट : भावांनी "खेळत नाही" म्हणून सांगितले आणि कारण चारचौघांत उघड केले. गुण तर आधीपासूनच होते. गुणाने टाळ्या मिळाल्या, हक्क मात्र मागावा लागला. पुढे १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला, तेव्हा हीच गोष्ट साऱ्या समाजाला शिकवली.

निवडणुकीची गोष्ट

वडीलधाऱ्या उपासकांच्या प्रश्नाला आम्ही बगल देणार नाही. बाळू गांधीजींना मानणारे होते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या मार्गावर ते आले नाहीत. १९३७ साली मुंबईच्या भायखळा-परळ भागातून बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे राहिले, तेव्हा काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळूंना उभे केले. बाळूंची लोकप्रियता वापरून बाबासाहेबांना पाडायचे, हा डाव होता. बाबासाहेब १३,२४५ मते मिळवून निवडून आले, बाळूंना ११,२२५ मते पडली. त्याच वर्षी ३१ जुलैला बाबासाहेब धुळ्याला आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण दर वर्षी त्या आठवणीसाठी जातो.

बाळू उभे राहिले हे आमच्या मते चुकलेच. पण विचार करा. ज्यांनी त्यांना कप्तानी दिली नाही, त्याच वर्गाने बाबासाहेबांविरुद्ध लढायला मात्र त्यांना पुढे केले. चेंडू टाकायला बाळू, मते मागायला बाळू, मान द्यायची वेळ आली की बाळू मंडपाबाहेर. हे आपल्या मुलांना समजले पाहिजे. फोटो झाकून ते समजणार नाही.

४ जुलै १९५५ ला बाळू वारले. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर पंधरा महिन्यांनी झाली. ते चांभार समाजाचे होते म्हणून आपले नाहीत, असे म्हणणे तर मुळीच बरोबर नाही. फेकायचे मातीचे भांडे महाराला वेगळे आणि चांभाराला वेगळे नव्हते. अपमान करणाऱ्यांनी आपल्याला एका ओळीत बसवले. आठवण ठेवताना आपणच ओळी पाडायच्या काय?

शेवटी एवढेच सांगतो की त्या वडीलधाऱ्या उपासकांना आम्ही ही सगळी टिपणे संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवली. निवडणुकीचा भाग आम्ही गाळला नाही. ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "फोटो लावा. पण खाली सगळे लिहा. चांगले आणि वाईट, दोन्ही."

तसे ठरले आहे. यंदाच्या स्पर्धेत बाळूंचे चित्र लागेल आणि खाली सगळे लिहिलेले असेल. कप्तान कोणाचा मुलगा, कोणत्या गल्लीतला, हे न बघता खेळ बघून निवडायचा, असेही मंडळाने ठरवले आहे. मैदानावर पिण्याच्या पाण्याचा एकच माठ राहील आणि एकच पेला राहील. कोणत्याही वस्तीचा, कोणत्याही जातीचा संघ आला तरी.

सर्वांना सप्रेम जय भीम.