धाव चढविण्याचा दिवस

वडिलांनी घेतलेली लुना गेले काही महिने आमच्या ओसरीशेजारी उभी आहे, आणि तिचे इंजिन पुन्हा उघडावयाचे तर येणारा खर्च ती भंगारात घालून मिळणाऱ्या रकमेच्या कितीतरी पट होईल, असे मिस्तरींनी मला प्रांजळपणे सांगितले आहे. जीर्ण वाहन आणखी एकदा दुरुस्त करावे की त्यास निरोप द्यावा, या प्रश्नाचा विचार करीत असता माझ्या ध्यानात आले की, ज्या जिल्ह्यास सरकारी दप्तरात आता अहिल्यानगर म्हणतात त्या आमच्या नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यास शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न या स्वरूपात सहसा पडतच नसे.

त्याचे वाहन बैलगाडी. 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाला तेव्हा लांबच्या मालवाहतुकीचा मोठा भार तिच्यावरून उतरला. पण शेतातले खत आणि कडबा, लग्नाचे वऱ्हाड, मढीच्या कानिफनाथांची यात्रा, आणि दुष्काळात जनावरे घेऊन परमुलखी जाणारा अवघा संसार, हे सारे तिच्याच साट्यावर राहिले.

या गाडीचे मर्म तिच्या चाकात. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसविलेले बाभळीचे पुठे, आणि या सर्वांस आवळून धरणारी लोखंडी धाव, अशी त्याची रचना. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित तोकडी करीत. मग गोवऱ्यांचा वर्तुळाकार जाळ रचून त्यात ती लाल होईतो तापवीत, सांडशांनी उचलून चाकावर चढवीत आणि तत्क्षणी पाणी ओतीत, म्हणजे आकुंचन पावणारे लोखंड प्रत्येक सांधा करकचून मिटवी. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील आमच्या कोरड्या मुलखात उन्हाळ्यात लाकूड आटे आणि धाव सैल पडे. तात्पुरता उपाय म्हणून चाके पाण्यात भिजत ठेवीत. तेवढ्याने भागेनासे झाले की धावेचा तुकडा कापून, टोके जोडून, ती पुन्हा चढवावी लागे. आज एक आरा, दोन वर्षांनी एक पुठा, पुढे केव्हातरी आख, असे बदलत बदलत आजोबांची गाडी नातवाच्या हाती येई, तेव्हा तिच्यात आजोबांच्या काळचे लाकूड कितपत उरले आहे याची चौकशी कोणी करीत नसे. गाडी घरचीच असे.

या दीर्घायुष्याचे श्रेय केवळ बाभळीस देणे मला रास्त वाटत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथास ‘गावगाडा’ असे नाव दिले आणि ज्या बलुतेपद्धतीची हकीकत त्यात नमूद केली, तिच्यात सुतार आणि लोहार हे पहिल्या ओळीचे कारू होते. खळ्यावर धान्याची रास पडली की ठरलेला वाटा त्यांना मिळे, आणि त्याच्या मोबदल्यात वर्षभर शेतीच्या अवजारांची मोडतोड निस्तरणे त्यांच्याकडे असे; नवी गाडी बांधणे हे मात्र सामान्यतः स्वतंत्र मजुरीचे काम. म्हणजे लाकूड-लोखंड मालकाने दिले की दुरुस्तीचे श्रम त्याच्या हिशेबी आधीच चुकते झालेले, आणि नव्याचा खर्च तेवढा अंगावर येणारा! दुरुस्ती परवडते की नाही, हा विचार ज्या दिवशी प्रत्येक कामाची किंमत वेगळी मोजली जाऊ लागली त्या दिवशी जन्मास आला, असे माझे मत आहे.

अर्थात या व्यवस्थेचे गुणगान करताना हात आखडता घेतला पाहिजे. वाटा परंपरेने ठरलेला, जातीने नेमलेला, आणि त्यात वाढ मागण्याचा मार्ग अरुंद. शिवाय अवर्षणाच्या साली खळेच रिते राहिले तर कारूने काय खावे, याचे उत्तर तीत नव्हते. 1972 च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातील हजारो शेतकरी आणि कारागीर एकाच रांगेत खडी फोडावयास बसले.

आणि नेमक्या त्याच साली नगरच्या फिरोदिया घराण्यातील हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली. पन्नास घनसेंटिमीटरचे इंजिन, आणि ते रुसलेच तर पायांनी मारावयाची पायडले. नगरातच तयार होणाऱ्या या हलक्या वाहनाने शिक्षक, कारकून, दूधवाले यांना सायकलीपलीकडचे जग दाखविले. दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या, पुढे पोर, मागे पत्नी, अशी ती मी स्वतः पाहिली आहे. बैलगाडीचा वारसा तिने खऱ्या अर्थाने चालविला. मात्र तिच्या मिस्तरीस बलुते नव्हते. प्लगची कजळी खरवडण्यापासून पिस्टन-रिंगा बदलण्यापर्यंत प्रत्येक कामाचा दाम रोख. आणि कारखान्यातून नवी लुना निघणे थांबल्यावर सुटा भाग मिळविणे हीच मोठी कारागिरी ठरली. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयात तपासणी करवून ती वाढवून घ्यावी लागते, म्हणजे जो निर्णय पूर्वी सुताराच्या अंगणात होई त्यास आता मुदत आणि दाखला लागतो. 2024 साली लुना याच नावाची विजेवर चालणारी गाडी बाजारात आली. तिचे मी मनापासून स्वागत करतो, परंतु माझ्या ओसरीशेजारच्या गाडीचा प्रश्न तिने सुटत नाही.

शेवटी मी मिस्तरींपुढे एक तोड मांडली: गाडी बिघडो वा न बिघडो, दरसाल दिवाळीस एक ठरीव रक्कम त्यांना पोचावी, सुट्या भागांचे पैसे मी निराळे द्यावे, आणि तिच्या चालतेपणाची काळजी त्यांनी वाहावी. त्यांनी लगेच होकार दिला नाही. हात पुसत ते म्हणाले, “आधी इंजिन उघडून बघू द्या.”