जयप्रकाश यंत्र : अंतर्गोल पृष्ठाचा एक विनियोग

अंतर्गोल पृष्ठ म्हणताच पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकास आरसा आठवतो. ज्योतिषाच्या इतिहासात मात्र त्याच आकाराचा अर्थ निराळा आहे. १७२१ मध्ये जॉन हॅडली याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे अन्वस्ताकार आरशाची दुर्बीण ठेवली. १७२४ च्या सुमारास सवाई जयसिंहाने दिल्लीस वेधशाळा उभारली. तेथे व पुढे जयपुरास बांधलेल्या जयप्रकाश यंत्राचा गाभाही अंतर्गोलच आहे. परंतु आरसा किरणांना एका बिंदूत गोळा करतो, तर जयप्रकाशाचा कटोरा प्रत्येक दिशा दुसरीपासून अलग राखतो.

हा कटोरा म्हणजे उलटे आकाश होय. त्याची कड हे क्षितिज आणि तळ हे खस्वस्तिक. कडेवर ताणलेल्या दोन तारा मध्यबिंदूत छेदतात व त्या छेदाची छाया आतील अंशरेषांवर पडते. सूर्य पूर्वेस उगवला की छाया पश्चिमेच्या कडेवर उमटते. सपाट छायायंत्रात सूर्य क्षितिजाजवळ असता छाया अमर्याद लांबते. येथे समान कोनास सर्वत्र समान चाप मिळतो.

ही कल्पना जयसिंहाची नव्हे. अर्धगोल छायायंत्राचे श्रेय व्हिट्रुव्हियसने ॲरिस्टार्कसकडे दिले असून, कोरियात १४३४ मध्ये राजा सेजोंगच्या कारकीर्दीत तसेच यंत्र झाले होते. तथापि, एवढ्यावरून जयप्रकाशास अनुकरण ठरविणे अन्यायाचे होईल. रात्री ताऱ्याची छाया मिळत नाही. निरीक्षकाला डोळा कटोऱ्याच्या पृष्ठाशी नेऊन तारांच्या छेदातून तारा पाहावा लागतो, आणि त्यासाठी आत शिरावयास वाट हवी. म्हणून पृष्ठाचे पट्टे कापून काढले. पण कापलेल्या भागाबरोबर तितके आकाशही हरपले. त्यावरचा उपाय म्हणजे जुळा कटोरा: पहिल्यात जेथे पोकळी, तेथे दुसऱ्यात पृष्ठ. छाया एका कटोऱ्याच्या पोकळीत शिरली की गणकाने दुसऱ्याकडे वळावयाचे. जयसिंहाची खरी प्रतिभा या जोडीत आहे.

विशालतेचा लाभ मात्र मर्यादित होता. जयपूरच्या कटोऱ्याचा व्यास सुमारे १८ फूट, दिल्लीचा सुमारे २७ फूट. जयपुरास एक अंश दोन इंचांहून किंचित कमी भरतो. पण सूर्यबिंबच सुमारे अर्ध्या अंशाचे असल्याने छायेची कड जवळजवळ इंचभर पुसट होते, आणि व्यास वाढविला तर हा पुसटपणाही त्याच प्रमाणात पसरतो. आरशाचे तसे नव्हते. तो मोठा केला की अधिक प्रकाश मिळे. १७८१ मध्ये विल्यम हर्शेल याने युरेनस शोधला तो धातूच्या अंतर्गोल आरशानेच.